मदत हवी आहे: गोल्फ कार्टला लिथियम बॅटरी बसवायची आहे, ४८ व्होल्टच ठेवू की ७२ करू?

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या वरच्या अंगाला पाहुण्यांसाठी काही खोल्या काढल्या आहेत. गेटपासून तिथवर मुरमाचा रस्ता, त्यात शेततळ्याला वळसा घालून एक उभा चढ. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात, बरोबर आजी-आजोबा आणि ढीगभर बॅगा. त्यांच्यासाठी सहा आसनी गोल्फ कार्ट जुनी घेतली. नाशकात गोल्फ म्हटलं की लोकांना गोल्फ क्लब मैदानावरचा सकाळचा फेरफटका आठवतो, तेव्हा या गाडीचा माहीतगार मिस्त्री शोधताना काय होत असेल ते समजून घ्या.

गाडी ४८ व्होल्टची. सीटखाली ८ व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, १७० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे साठवणीचं माप), एकेक उचलायला दोन माणसं लागतात. रात्रभर चार्ज करूनही दुपारनंतर भरलेली गाडी चढावर दम टाकते. मल्टिमीटर लावून पाहिला: उभी असताना ५०.६ व्होल्ट, पाच जण बसवून चढावर घातली की ४१, वर पोचून थांबली की पुन्हा ४९. दोन बॅटऱ्यांचं पाणी बाकीच्यांपेक्षा लवकर आटतं आणि त्यांच्या टर्मिनलवर निळसर-पांढरा थर सारखा येतो, कितीही घासा.

आता दोन सल्ले मिळालेत. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या विकणारा एक जण म्हणतो, ५१.२ व्होल्ट १०५ एएचचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक टाका, १०० अँपिअरचा बीएमएस (पॅकमधले सेल सांभाळणारं सर्किट) आहे, काही बदलायचं नाही, थेट जोडून द्यायचा. दुसरा म्हणतो ७२ व्होल्टच करा, ताई, गाडी विमानासारखी पळेल. मला विमान नको आहे. चढ चढायला हवा आणि उतारावर आजीबाई घाबरायला नकोत. ७२ केल्याने चढाला खरंच जोर मिळतो का? १०५ एएच म्हणजे आत्ताच्या १७० पेक्षा कमी नाही का? आणि थंडीत आमच्याकडे पारा बराच उतरतो, निफाडची बातमी दरवर्षी वाचताच. त्याचा लिथियमला त्रास होतो का?

मी इलेक्ट्रिकलची नाही, बी.कॉम. आहे. जरा उलगडून सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी मोटर बघा, मग बॅटरी. मागच्या अ‍ॅक्सलवर मोटर आहे, तिला बहुधा चार टर्मिनल असतील. ए१, ए२ आणि एस१, एस२ असं लिहिलं असेल आणि चारही केबल जाड असतील तर सिरीज मोटर. ए१, ए२ जाड आणि एफ१, एफ२ ला बारीक वायर असेल तर सेपेक्स, म्हणजे फील्ड (चुंबकत्व देणारी गुंडाळी) वेगळं. टर्मिनल तीनच असतील तर एसी मोटर. कंट्रोलरच्या (मोटरला करंट मोजून देणाऱ्या डब्याच्या) पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअरही लिहा. हे कळल्याशिवाय सल्ला देणारा एकतर ज्योतिषी असेल नाहीतर विक्रेता. सातपूरला माझं रिवाइंडिंगचं काम आहे, ४८ च्या मोटरला ७२ देऊन कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याचा फिरता भाग) काळाठिक्कर केलेल्या मोटरी येतात माझ्याकडे.

धागाकर्ती

काका, पाहिलं. ए१, ए२ ला जाड केबल, एफ१, एफ२ ला बारीक. कंट्रोलरवर ३६-४८ व्होल्ट, ३०० अँपिअर लिहिलंय. उतारावर पॅडल सोडलं की गाडी आपोआप मागे खेचल्यासारखी हळू होते, तेही त्यामुळेच का?

प्रतिसाद

हो, त्यामुळेच. सेपेक्स आहे, उतारावर मोटर जनरेटर होते आणि करंट बॅटरीत परत जातो. पुढे हाच मुद्दा तापदायक ठरणार आहे, पण आधी चढाचं बघू.

ढोबळ गणित करा. गाडी, माणसं, बॅगा मिळून ९०० किलो धरा. चढ १०० मीटरला १२ मीटर, वेग ताशी १२ किमी. नुसतं वर चढायला आणि मुरमाचा विरोध मोडायला ४ किलोवॅटहून थोडं जास्त लागतं. मोटर आणि गिअरमधली घट धरली तर बॅटरीतून साधारण साडेपाच किलोवॅट. ५१ व्होल्टला भागलं की १०८ अँपिअर. हे चालत्या गाडीचं झालं. चढावर मध्येच थांबून पुन्हा उचलायची तर काही सेकंद याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे १०० अँपिअरचा बीएमएस नेमका आजीबाई बसलेल्या असताना, चढाच्या मध्यावर ट्रिप होईल. तो पॅक ई-रिक्षासाठी बनलेला आहे, सपाट रस्त्यावर एक-दीड किलोवॅटच्या मोटरसाठी. पॅक वाईट नाही, तुमच्या कामाचा नाही. बीएमएस सलग २०० अँपिअरचा आणि काही सेकंद ३०० झेलणारा मागा, आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या.

७२ व्होल्टने वेग वाढतो. चढाचा जोर मोटरमधल्या करंटमधून येतो, आणि तुमचा कंट्रोलर ३०० देतोच. त्याच्यापर्यंत व्होल्टेज टिकत नाही हा तुमचा रोग आहे: ४१ म्हणजे बॅटऱ्या संपल्या. एलएफपीचा पॅक त्याच चढावर ५० च्या आसपास राहील. हा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी पॅडलमध्ये जाणवेल, बाकी काही न बदलता.

१७० विरुद्ध १०५ चं म्हणाल तर लेड-अ‍ॅसिडचे १७० एएच हे सावकाश, वीस तासांत काढले तरचे. चढावर ओरबाडून काढता तेव्हा ते कमीच मिळतात, शिवाय निम्म्याखाली नेली की बॅटरी लवकर मरते. एलएफपीमधून ८०-९० टक्के बिनघोर वापरा. हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, आणि सीटखालचं सव्वाशे किलो वजन उतरतं ते वेगळंच.

प्रतिसाद

एवढ्या उठाठेवीपेक्षा नव्या सहा लेड-अ‍ॅसिड टाका की. पैसेही कमी, गाडी त्यासाठीच बनलेली.

प्रतिसाद

भाऊ, पाणी कोण टाकणार दर महिन्याला? हंगामात बागेतला माणूस छाटणी सोडून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन फिरणार का? गाडी आठवडाभर उभी आणि शनिवार-रविवारी पिळली जाते. अर्धवट चार्जवर उभी राहिली की लेड-अ‍ॅसिडला सल्फेट धरतो. अशा वापराला लिथियमच बरी.

प्रतिसाद

७२ बद्दल एवढंच सांगतो, की २४ सेलचा पॅक पूर्ण चार्जला ८७.६ व्होल्टवर जातो. तुमचा ३६-४८ चा कंट्रोलर त्याला लावला की पहिल्या किल्लीलाच जाईल. मग नवा कंट्रोलर, सोलेनॉइड (किल्लीने चालणारा मोठा स्विच), चार्जर, लाइट-हॉर्नचा कन्व्हर्टर, मीटर, सगळंच आलं. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि या गाड्यांना बहुधा मागच्याच चाकांना ड्रम ब्रेक असतात. मुरमावर, उतारावर, सहा माणसं. मी तरी नाही बसणार.

१६ सेलचा, म्हणजे तुमचा ५१.२ व्होल्टचा पॅक ५८.४ पर्यंत जातो. कंट्रोलरची वरची मर्यादा यापेक्षा जास्त आहे ना, हे त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या. विक्रेत्याच्या तोंडावर विसंबू नका.

धागाकर्ती

पटलं, ७२ चा विषय बंद. पण काका, तुम्ही रीजनचं, म्हणजे उतारावर करंट परत जाण्याचं, अर्धवट सोडलंत. आमचा चार्जिंगचा पॉइंट वर, खोल्यांपाशी आहे. सकाळी गाडी पूर्ण भरलेली असते आणि पहिली फेरी उताराचीच.

प्रतिसाद

ताई, हेच विचारणार होतो. पॅक शंभर टक्के भरलेला, त्यात उतारावरून करंट परत यायला लागला की एखाद्या सेलचं व्होल्टेज ३.६५ च्या वर जातं आणि बीएमएस दार बंद करतो. करंटला जायला जागा नाही, कंट्रोलरवर व्होल्टेज चढतं, तो फॉल्टमध्ये जातो, आणि जी गाडी आपोआप धरून उतरत होती ती अचानक मोकळी सुटते. लेड-अ‍ॅसिड हे निमूट सोसते, म्हणून तुम्हाला आजवर कळलं नाही.

उपाय सोपा आहे. तुमचा उतार ३० मीटर उंचीचा धरला तरी ९०० किलोच्या गाडीतून फार तर ७० वॉट-तास परत येतात. पॅक आहे ५४०० वॉट-तासांचा. दीड टक्काही नाही. तेव्हा पॅकमध्ये पाच-दहा टक्के जागा रिकामी राहिली की पुरे. चार्जिंग पॉइंट गेटपाशी खाली घ्या, म्हणजे पहिली फेरी चढाची होईल. ते जमत नसेल तर ९० टक्क्यांवर टायमरने चार्जर बंद करा. पण अधूनमधून, गाडी दिवसभर उभी राहणार असेल तेव्हा, एकदा पूर्ण भरू द्या. सेल एका पातळीवर आणायचं काम बीएमएस वरच्या टोकालाच करतो.

टक्के बघायला शंटवाला मीटर (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) लावा. डॅशबोर्डवरचा काटा लेड-अ‍ॅसिडच्या व्होल्टेजवर चालतो, एलएफपीचं व्होल्टेज ऐंशीला आणि तिसाला जवळजवळ सारखंच दिसतं.

थंडीचं: शून्याखाली चार्जिंग नको, सेलचं कायमचं नुकसान होतं. चालवायला हरकत नाही. आपल्याकडे शून्य फारसं लागत नाही, तरी कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा बीएमएस घ्या आणि कडाक्याच्या दिवसांत पहाटेऐवजी दुपारी चार्ज करा. मे महिन्यात उलटं: चढ मारून तापलेला पॅक लगेच चार्जिंगला लावू नका.

धागाकर्ती

गेटपाशी पॅकिंगच्या शेडमध्ये लाइट आहेच, पॉइंट तिथेच घेते. जुना चार्जर चालेल का? आणि बसवताना मी मिस्त्रीकडून काय काय तपासून घेऊ?

प्रतिसाद

जुना चार्जर काढून टाका, तो लेड-अ‍ॅसिडच्या हिशेबाने वर-खाली करत बसतो. पाटीवर एलएफपी आणि ५८.४ व्होल्ट लिहिलेला घ्या. काही गाड्यांत चार्जिंगचं नियंत्रण गाडीतल्याच छोट्या संगणकाकडे असतं. नवा चार्जर सुरूच झाला नाही तर तो बायपास करावा लागतो.

मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. पॅकच्या प्लसजवळ डीसीसाठीचा फ्यूज आहे का. एसीचा चालत नाही. सोलेनॉइडवर प्री-चार्ज रेझिस्टर शाबूत आहे का. नसेल तर किल्ली फिरवताच कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि बीएमएस शॉर्ट समजून बंद पडतो. आणि जुन्या केबलच्या टोकांचे लग दाबून बघ म्हणा, हिरवे पडलेले असतील तर केबलच बदला. नंतर त्याच्यासमोर सहा माणसं बसवून चढाच्या मध्यावर गाडी थांबवा आणि पुन्हा उचला. डीसी क्लॅम्प मीटरवर काय आकडा येतो तो इथे टाका. पैसे त्यानंतर द्या.