बी विंग ग्रुप: लॉबीतली टाकी

१०१ काका: सर्वांना नमस्कार. लॉबीतल्या माशांच्या टाकीत आज सकाळी डासांच्या तीन अळ्या दिसल्या. फोटो टाकतोय. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टाकी ठेवून २३ दिवस झाले, मासा एकही नाही. हिशेब ज्याचा त्याने करावा.

२०३ काकू: मागच्या वर्षी माझ्या मनी प्लांटच्या दोन कुंड्या "लॉबी मोकळी ठेवा" म्हणून उचलायला लावल्या होत्या. सहज आठवलं.

४०२: काका, फोटोत मला तुमचा अंगठाच दिसतोय 😄

१०१ काका: मोठा करून बघा. डाव्या कोपऱ्यात, शेपूट पाण्याच्या वरच्या पातळीला टेकवून डोकं खाली लोंबकळतायत.

४०२: दिसल्या. सॉरी काका.

सेक्रेटरी: ३०४ यांनी मीटिंगमध्ये रीतसर विचारलं होतं. २० लिटरची टाकी, कोपऱ्यातलं टेबल. कोणीही हरकत घेतली नव्हती. 🙏

२०३ काकू: मीटिंगला पाच जण होते. त्यातले दोघे फोनवर.

५०१: आमचा मुलगा शाळेतून आला की आधी टाकीकडे बघतो, मग माझ्याकडे. जणू मासे मीच पळवलेत. मासे कधी येणार, तेवढं सांगा.

३०४: आत्ताच प्रवासातून घरी पोचले, पाच मिनिटांत खाली जाऊन बघते. मासे मी मुद्दाम आणलेले नाहीत. माशाची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, आणि एवढ्याशा पाण्यात तो लगेच विषारी पातळीला जातो. तो खाणारे जिवाणू आधी फिल्टरच्या स्पंजात वाढावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, ते पण विषच. दुसरी त्याचं नायट्रेट करते, ते झाडं थोडंफार घेतात. या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मी रोज माशांचं खाणं चिमूटभर टाकते, म्हणजे जिवाणूंची उपासमार होत नाही.

४०२: म्हणजे भाडेकरू यायच्या आधी झाडूवाले राहायला आणायचे.

३०४: अगदी तसंच.

३०१: विषय निघालाच आहे तर, माझ्या जागेत पांढरी स्कूटर कोणाची?

१०१ काका: एक वेळ एक विषय. टाकीतल्या लाकडावर पांढरा बुळबुळीत थर आलाय, पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. माझं मत, सगळं पाणी उपसा, टाकी साबणाने घासा, नळाचं ताजं पाणी भरा.

३०४: काका, प्लीज साबण नको. त्याचा अंश राहिला तरी मासा जातो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही हे जिवाणू मारतं, म्हणून पाणी बदलताना मी औषध टाकून ते घालवते आणि एका वेळी पाव टाकीच बदलते. पाण्याचा रंग लाकडातल्या टॅनिनचा आहे. पांढरा थर नव्या लाकडावर येतोच, काही आठवड्यांनी आपोआप जातो.

२०३ काकू: आणि ती मागची झाडं? पानं अक्षरशः विरघळली. माझा मनी प्लांट दोन वर्षं त्याच कोपऱ्यात हिरवागार होता.

३०४: ती क्रिप्टोकोरायनी आहे काकू. जागा बदलली की पानं टाकते, मुळं जिवंत असतात, पुन्हा फुटते. दगडाला बांधलंय ते अनुबियास, त्याचं नवं पान आलंय बघा. पोपटी, अजून सुरळीतच आहे. त्याचं खोड रेतीत पुरलं तर सडतं, म्हणून तसं उघडं दिसतं.

५०१: गोल्डफिश ठेवता येईल का? लाल, शेपटीवाला?

३०४: तो वीतभर तरी वाढतो. एवढ्या पाण्यात त्याचे हाल. इथे एकच फायटर मासा, किंवा त्याऐवजी लाल चेरी झिंगे.

२०३ काकू: कुंड्यांना मात्र एक दिवसाची मुदत दिली होती.

सेक्रेटरी: काकू, त्या कुंड्या फायर एक्स्टिंग्विशरसमोर होत्या.

२०३ काकू: बाजूला होत्या.

३०४: खाली आले. फिल्टर बंद आहे. स्विचच बंद केलाय. वरच्या पाण्यावर तवंग आलाय, कोपऱ्यात अळ्या आहेत. काका, तुमचं खरं होतं. फिल्टर चालू असता तर त्याच्या धारेने पाण्याचा वरचा थर हलत राहतो आणि अळ्यांना श्वास घेता येत नाही. आधीही दोन-तीन सकाळी बंद दिसला होता, मला वाटलं लाइट जाऊन आली असेल. पाच दिवस मी नव्हते तर कोणी चालूच केला नाही. हे बटण कोण बंद करतं?

३०१: वॉचमनला विचारा.

सेक्रेटरी: विचारलं. तो हात लावत नाही म्हणतो.

३०१: तसंच म्हणणार. स्कूटरचंही त्याला माहीत नसतं.

४०२: उगाच त्याच्यावर नका ढकलू.

१०१ काका: हा मेसेज हटवला गेला

४०२: काका??

१०१ काका: रात्री अकराला लॉबीतली सगळी बटणं मी बंद करतो. गेली नऊ वर्षं. कॉमन लाइटबिलावर कोणी लक्ष देत नाही म्हणून. कोणतं बटण कशाचं, हे लिहिलेलं नाही.

५०१: 🙈

३०४: चूक माझीच काका, चिठ्ठी लावायला हवी होती. फिल्टर ५ वॅटचा आहे. अखंड चालवला तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट होतात. टाकीचा दिवा वेगळा, तो टायमरवर सातच तास लागतो. त्याहून जास्त ठेवला तर शेवाळ माजतं.

१०१ काका: साडेतीन युनिट म्हणजे फार नाही. ठीक.

२०३ काकू: नऊ वर्षं आम्ही जिन्यात चाचपडत उतरतोय, ते यामुळे होय!

३०४: अळ्या जाळीने काढल्या, जाळी खाली-वर दोन-तीनदा फिरवली. काचेला पाण्याच्या वर अंडी चिकटलेली असतात, ती फडक्याने पुसली. पण अमोनिया तपासला तर १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) आलाय. जायच्या आधी शून्य होता. स्पंजातून पाणी खेळलं नाही की ऑक्सिजन संपतो आणि बरेच जिवाणू मरतात. अजून दोनेक आठवडे तरी धरा.

५०१: बरं. घरी कोणत्या तोंडाने सांगू ते सांगा.

४०२: १०१ काकांकडे पाठवा.

१०१ काका: पाठवा. बटणावर मी टेप लावतोय. अकराला माझी फेरी होईल तेव्हा फिल्टर चालू आहे की नाही तेही बघेन. डासाची तक्रार मात्र मागे घेतलेली नाही, अळी पुन्हा दिसली तर कळवीन.

३०४: नक्की कळवा. फायटर आला की अळ्या तोच खाईल.

३०१: स्कूटर अजून तिथेच आहे.

२०३ काकू: ३०४, दगडामागचं ते हिरवं केसाळ काय? कापून टाकणार आहेस का?

३०४: जावा मॉस, पाण्यातलं शेवाळासारखं झाड. हो, फार पसरलंय.

२०३ काकू: टाकू नकोस. मूठभर मला दे, काचेच्या बरणीत ठेवीन. घरातच ठेवीन सेक्रेटरीसाहेब, लॉबीत नाही.

१०१ काका: बरणीत मासा असणार का?