अमेरिकेत स्पॅनिशमधून प्रचार होतोय, यानं देश जोडला जातो का फुटतो? सीमाभागातल्यांनी पण बोला

उत्तरेश्वर_पेठ

मंडळी नमस्कार. माझा मामेभाऊ ह्यूस्टनला असतोय, आता तिकडचा नागरिक झालाय. परवा फोनवर विषय निघाला तर म्हणाला, आमच्याकडं निवडणूक आली की उमेदवार स्पॅनिशमधून जाहिराती करायलेत, मतपत्रिका पण स्पॅनिशमध्ये मिळायलीय, हे काय बरोबर नाही, देशात राहायचं तर इंग्रजी शिका, नाहीतर उद्या देशाचे तुकडे पडतील. मला ते काय पटलं नाही पण नीट उत्तर पण देता आलं नाही. त्याची स्वतःची पोरं रविवारी मराठी शाळेत जातात, आणि त्याचा त्याला अभिमान आहे, तो खराच आहे.

नंतर थोडं वाचलं. हे काय आजचं नाही, १९६० ला जॅकलीन केनेडीनं नवऱ्यासाठी टीव्हीवर स्पॅनिशमधून मतं मागितली होती. धाकटे बुश २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना रेडिओवर स्पॅनिशमधून बोलले, ते तर ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षाचे. आणि त्यांचाच भाऊ जेब बुश २०१५ ला उमेदवारीच्या शर्यतीत होता तेव्हा ट्रम्पनी डिबेटमध्ये त्याला ऐकवलं की या देशात आपण इंग्रजी बोलतो, स्पॅनिश नाही. मग मार्च २०२५ ला आदेश काढून इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा केली, त्याआधी केंद्राच्या पातळीवर तशी कुठलीच नव्हती.

तर प्रश्न असा, पुढाऱ्यानं मतदाराच्या भाषेत बोलणं हा मान आहे का नुसती मतांची सोय? आणि देश एक राहायला भाषा एकच लागते का? आपण कोल्हापूरचे, तासाभरावर निपाणी, पुढं बेळगाव, आपल्याला हे पुस्तकात शोधायची गरज नाही म्हणून इथं विचारतोय.

निपाणीकर

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही जगतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात निवडणूक आली की मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या एकीकरण समितीचं सोडा, राष्ट्रीय पक्षांचे उमेदवार पण मराठीत भाषण करतात, पत्रकं मराठीत, गाडीवरचं स्पीकर मराठीत. २०२३ च्या मार्चमध्ये बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण दोन पक्षांनी चार दिवसांत दोनदा केलं, कारण विधानसभा तोंडावर होती. त्या पंधरवड्यात मराठी कुणालाच टोचत नव्हती.

आणि निकाल लागला की उतारा कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, घरपट्टीची पावती कन्नडमध्ये. आमच्या आईला स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत पण द्यायच्या हे १९५६ पासून ठरलेलं आहे, घटनेत ३५० अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायची सोय करा असं लिहिलंय, ३५० ब मध्ये यासाठी वेगळा अधिकारी पण आहे. सगळं कागदावर आहे हो.

म्हणून मला तिकडच्या स्पॅनिश जाहिरातीचं काय विशेष वाटत नाही, मला विचारायचंय की निवडून आल्यावर दवाखान्यात, कोर्टात, शाळेत त्या माणसाला त्याच्या भाषेत कोण बोलतंय का. बोलत असतील तर तो मान. नसतील तर माणसाला कळतंच की आपलं फक्त मत पाहिजे होतं.

आणि कन्नडशी आमचं भांडण नाही, हे पण लिहून ठेवतो. घराशेजारी कन्नड लोक आहेत, आमची पोरं दोन्ही भाषा सफाईनं बोलतात. राग भाषेवर नाही, सक्तीवर आहे.

शिरोली_एमआयडीसी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं छोटं मशीन शॉप आहे. बिहार, यूपीची पोरं कामाला आहेत, चांगली कष्टाळू आहेत. शॉपवर एक कॉमन भाषा लागतेच, क्रेन चालू असताना पाच भाषांत ओरडून चालत नाही. देशाचं पण तसंच आहे असं माझं मत आहे, लोकांना एकमेकांशी थेट बोलता आलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक गट आपापलं चॅनेल बघणार, आपापलं ऐकणार, आणि पुढारी एका भाषेत एक सांगणार, दुसरीत दुसरंच. हा धोका खरा आहे.

आणि एक सरळ प्रश्न. उद्या आपल्याच वॉर्डात कुणी हिंदीत प्रचार सुरू केला, बोर्ड हिंदीत लावले, तर इथले किती जण त्याला मतदाराचा मान म्हणतील? अमेरिकेत स्पॅनिश चालते आणि कोल्हापुरात हिंदी चालत नाही असं कसं म्हणायचं? ज्या गावात पोट भरतोय तिथली भाषा शिकावी, एवढंच तर उत्तरेश्वरच्या भावाचं म्हणणं आहे.

पन्हाळा_ते_फिनिक्स

मी आठ-नऊ वर्षं ॲरिझोनात होतो, आता परत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तिथली स्पॅनिश बाहेरून आलेली भाषा आहे हेच मुळात अर्धवट आहे. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहात मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडं गेला, आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना न्यू मेक्सिकोचा मोठा भाग, आणि त्यात राहणारी माणसं तिथंच राहिली, सीमा त्यांच्या डोक्यावरून सरकली. हे निपाणीकरांना जास्त समजवायला नको. १८४९ च्या कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापायचे असं लिहिलं होतं, १८७९ ला नवीन घटना आली त्यात ते गेलं.

दुसरी, मतपत्रिकेची. ती कुठल्या पुढाऱ्याची खैरात नाही, कायदा आहे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात १९७५ ला भर घातली, एखाद्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) इंग्रजी नीट न येणारे एका भाषेचे मतदानाच्या वयाचे नागरिक १० हजारांच्या वर किंवा ५ टक्क्यांच्या वर असले, आणि त्यांच्यात निरक्षरता देशापेक्षा जास्त असली, तर मतदानाचे कागद त्या भाषेत द्यावे लागतात. फक्त स्पॅनिश नाही, मूळ अमेरिकन जमातींच्या आणि आशियाई भाषा पण यात येतात, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका आहे.

आता भाऊ म्हणेल की नागरिक व्हायला इंग्रजीची परीक्षा असते मग नागरिकाला इंग्रजी येत नाही असं कसं. तर पोर्तो रिको बघा, तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, शाळा स्पॅनिशमधून. बेटावर असताना राष्ट्राध्यक्षाला मत नाही, पण तोच माणूस फ्लोरिडात राहायला आला की मतदार. त्याला परीक्षा कसली देणार, तो जन्मानंच नागरिक आहे. शिवाय वय ५० च्या वर आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं झाली असली की त्या परीक्षेत इंग्रजीची सूट असते.

आणि शिरोलीवाले साहेब म्हणतात तसं आपापल्या भाषेत कोंडून राहणं, ते मी तरी बघितलं नाही. आजी स्पॅनिशच बोलणार, आईला दोन्ही येणार, आणि नातू इंग्रजीत उत्तर देणार, घरोघर हेच. ज्युलियन कॅस्ट्रो २०१९ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा होता, मेक्सिकोतून आलेल्या आजीचा नातू, त्यालाच स्पॅनिश सफाईनं येत नव्हतं. टेक्सासच्या शाळांत एका पिढीला स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा व्हायच्या, त्या पिढीनं मग पोरांना भाषा दिलीच नाही. म्हणजे इंग्रजी जगवायला कुणाच्या आदेशाची गरज नाही, ती नोकरीतून शाळेतून आपोआप येते. जाते ती आजीची भाषा.

एक अजून, मग थांबतो. भाषेनं गठ्ठा मतं मिळतात हे पण खरं नाही. रिओ ग्रांदेच्या काठचा टेक्सासमधला स्टार काउंटी, जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो, म्हणजे मेक्सिको वगैरे लॅटिन अमेरिकेकडच्या मुळाची, तिथं १८९२ नंतर पहिल्यांदाच २०२४ ला रिपब्लिकन उमेदवार जिंकला, म्हणजे ट्रम्पच. लोकांनी महागाई, काम, सीमेचा प्रश्न बघून मत दिलं. स्पॅनिश बोलणारा माणूस पण आधी मतदार आहे, त्याला त्याच्या भाषेत सांगितलं तरी तो विचार स्वतःचाच करतो.

राजारामपुरी_८वी_गल्ली

मी इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. एकाच भाषेनं देश टिकतो म्हणणाऱ्यांनी आपल्या शेजारी बघावं. जिनांनी मार्च १९४८ मध्ये ढाक्यात जाऊन सांगितलं की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दूच राहणार, तिथं बहुसंख्य लोक बंगाली बोलणारे. २१ फेब्रुवारी १९५२ ला विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, आणि १९७१ ला देशच दोन झाला. श्रीलंकेत १९५६ ला फक्त सिंहला असा कायदा केला, पुढं तिथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडं १९६५ ला मद्रासमध्ये हिंदीविरोधात आग पेटली तेव्हा दिल्लीनं माघार घेतली, इंग्रजी चालू ठेवली, आणि ते प्रकरण फुटण्यापर्यंत गेलं नाही. भाषावार राज्यं झाली तर देश फुटेल असं १९५६ च्या आधी किती मोठमोठी माणसं म्हणत होती! उलट झालं.

शिरोलीच्या भाऊंचा हिंदीचा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. माझ्या मते फरक ताकदीचा आहे. एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, लोक बोलले, जूनअखेर तो मागं घ्यावा लागला. तो राग वरून आलेल्या सक्तीवर होता, फौंड्रीत राबणाऱ्या पोरावर नाही, आणि त्या पोरावर तो काढूही नये. त्याचं नाव इथल्या यादीत असेल तर मतदान कसं करायचं हे त्याला हिंदीत समजावून सांगितलं म्हणून मराठीचं काही कमी होत नाही. पण कारभार, शाळा, बोर्ड इथं मराठीतच. आपल्या गांधीनगरचे सिंधी लोक बघा, फाळणीनंतर आले, घरात सिंधी, दुकानात मराठी. कुणी दंडुका घेऊन शिकवली नाही, व्यापारानं शिकवली. आणि त्यांची सिंधी १९६७ ला घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, स्वतःचं राज्य नसताना.

उत्तरेश्वर_पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्तो रिकोचं मला अजिबात माहीत नव्हतं, ते भावाला पाठवलं. तो म्हणाला मतपत्रिकेचं समजलं, पण उमेदवारानं दोन भाषांत दोन वेगळी आश्वासनं दिली तर पकडणार कोण. शिरोलीवाल्या साहेबांचाच मुद्दा. यावर कुणी सांगा.

निपाणीकर

ज्यांना दोन्ही भाषा येतात ते पकडतात दादा. आमच्याकडं एका सभेत कन्नडमध्ये एक आणि मराठीत दुसरं बोललं की संध्याकाळपर्यंत दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी फिरतात, कारण अर्ध्या गावाला दोन्ही कळतात. म्हणून दोन भाषा येणारी पोरं वाढवा.

शिरोली_एमआयडीसी

बाईंचं सक्ती आणि समजावणं वेगळं हे पटलं, मतपत्रिकेचं पण पटलं. प्रचाराबद्दल माझं मत अजून तेच आहे, कॉमन भाषेत जे जाहीर सांगितलं तेच बाकीच्या भाषांत सांगायचं बंधन पाहिजे. पण सेफ्टीचे बोर्ड आमच्या शॉपवर मराठी आणि हिंदी दोन्हींत आहेत, आता ओडिशाची दोन पोरं नवीन आलीत, त्यांना हिंदी पण जेमतेम वाचता येते. कुणाकडं ओडियामध्ये लिहून देणारा माणूस असेल तर कळवा, मशीनवर लावायचंय.