मदत हवी आहे: पोस्टमनमध्ये चालतंय, कोडमधून मात्र ४०१

कंदील (सकाळी १०:१२)
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. आम्ही पार्सल ट्रॅकिंगचा एक एपीआय (कोडमधून दुसऱ्या सेवेची माहिती मागवायची सोय) वापरतो. आठ महिने व्यवस्थित चालू होता. काल संध्याकाळपासून प्रत्येक कॉलला ४०१ ('ओळख पटली नाही') येतोय. तेच टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) पोस्टमनमध्ये (एपीआय हाताने तपासायचं अ‍ॅप) टाकलं की २०० ('ठीक') आणि सगळा डेटा हजर. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल केलेला नाही. टोकन तीनदा तपासलं, नवीन काढून पाहिलं, सर्व्हर रीस्टार्ट करून झाला. ग्राहकांचे फोन सुरू झालेत. कुणाला असा अनुभव असेल तर लवकर सांगा.

टिपकागद (१०:२०)
भाषा कोणती, लायब्ररी कोणती, गेट (माहिती मागणं) की पोस्ट (माहिती पाठवणं), आणि ४०१ सोबत उत्तराच्या बॉडीत काय मजकूर येतो? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसत्या आकड्यावरून कुणी काही सांगू शकणार नाही.

रात्रपाळी (१०:२३)
सर्व्हरचं घड्याळ बघा. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. प्रत्येक रिक्वेस्टवर एचमॅकची सही (गुप्त किल्लीने काढलेला कोड) जायची, सहीत वेळ असायची आणि समोरचे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घ्यायचे नाहीत. आमचं व्हर्च्युअल मशीन ७ मिनिटं मागे पडलं होतं. माझ्या लॅपटॉपवरून सगळं चालायचं, सर्व्हरवरून ४०१. दोन दिवस टोकनच तपासत बसलो होतो. एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) चालू आहे का ते आधी पाहा, बाकीचं नंतर.

सुतारपक्षी (१०:३१)
रीट्राय लावलाय का? पहिल्यांदा १ सेकंद, मग २, मग ४ असं थांबत पाच वेळा प्रयत्न करायचा. आमच्या सगळ्या इंटिग्रेशनला हे लावलंय, तेव्हापासून निवांत आहोत.

टिपकागद (१०:३६)
@सुतारपक्षी, ४०१ ला रीट्राय करून काही उपयोग नाही. समोरचा म्हणतोय की तुमची ओळख पटली नाही. तेच टोकन चार सेकंदांनी दाखवलं म्हणून ओळख पटणार आहे का? रीट्राय ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) किंवा ५०३ (सेवा तात्पुरती बंद) ला, तोही रीट्राय-आफ्टर हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) आलं असेल तर ते वाचून. उलट ४०१ वर मारा चालू ठेवला तर काही सेवा खातंच लॉक करतात. कंदील, असा लूप चालू असेल तर आधी बंद करा.

सुतारपक्षी (१०:४१)
मी अनुभवावरून सांगतोय. आमच्याकडे एका सेवेचा ४०१ दुसऱ्या प्रयत्नात जायचा.

टिपकागद (१०:४४)
कारण मध्ये टोकन रिफ्रेश होत असणार. मग काम रिफ्रेशने केलं, थांबण्याने नाही.

कंदील (१०:५२)
पायथन. 'रिक्वेस्ट्स' नावाची लायब्ररी. गेट कॉल आहे. घड्याळ पाहिलं, बरोबर आहे. सहीबिही काही नाही, साधं बेअरर टोकन आहे. हेडर असं जातं:
ऑथोरायझेशन: बेअरर [टोकन काढून टाकले आहे – संपादक]
आता सांगा यात काय चूक आहे.

निळीशाई (१०:५५)
अहो, खरं टोकन इथे टाकलंत! संपादकांना कळवलंय, ते काढतीलही, पण तेवढ्या वेळात कुणीही उचललेलं असू शकतं. इथून काढलं म्हणजे ते निकामी झालं असं नाही. आत्ता लगेच त्यांच्या डॅशबोर्डवर जाऊन ते रद्द करा, मग पुढचं बोलू. त्यात तुमच्या ग्राहकांचे पत्ते असतील ना?

कंदील (११:०४)
रद्द केलं. नवीन घेतलं. धन्यवाद, घाईत लक्षात आलं नाही. नव्यानेही तेच, पोस्टमनमध्ये २००, कोडमध्ये ४०१.

सांजवात (११:०९)
हा सीओआरएसचा प्रॉब्लेम आहे. पोस्टमनमध्ये चालतं आणि बाकी कुठे चालत नाही म्हणजे १०० टक्के सीओआरएस. सर्व्हरवर अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन हेडर लावा.

निळीशाई (११:१२)
सांजवात, सीओआरएस म्हणजे एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचा डेटा वाचण्यावरचं बंधन, ते ब्राउझर पाळतो. इथे पायथन सर्व्हरवर चालतंय, मध्ये ब्राउझर नाहीच. शिवाय ते हेडर एपीआयवाल्यांनी लावायचं असतं, वापरणाऱ्याने नाही.

अर्धविराम (११:१५)
माझा अंदाज: टोकनच्या शेवटी न दिसणारी नवी ओळ. कॉन्फिग फाइलमध्ये इको कमांडने टोकन लिहिलं की मागे एक न्यूलाइन चिकटते. पोस्टमनमध्ये हाताने चिकटवताना ती येत नाही. टोकनची लांबी मोजून प्रिंट करा, एक जास्त आली की समजा.
दुसरी शक्यता नेटआरसी फाइल. होम फोल्डरमध्ये ती असेल आणि तिच्यात त्या होस्टची (सर्व्हरच्या नावाची) नोंद असेल, तर रिक्वेस्ट्स तुमचं ऑथोरायझेशन हेडर बाजूला सारून तिच्यातलं नाव-पासवर्ड पाठवतं. कुणाला पटकन सुचत नाही ही गोष्ट.

कंदील (११:२४)
लांबी बरोबर आहे, नेटआरसी फाइल नाहीच. मी म्हणतो, काल दुपारपर्यंत चालत होतं! कोड तोच, मशीन तेच. मग टोकनमध्ये न्यूलाइन आजच कुठून येईल?

टिपकागद (११:२७)
बॉडी. बॉडीत काय येतंय ते अजून सांगितलं नाहीत. सकाळपासून तेच विचारतोय.

काठावरचा (११:३०)
खरं तर त्यांनी ४०३ द्यायला हवा होता. टोकन वैध आहे पण परवानगी नाही, तर ४०३.

टिपकागद (११:३३)
परवानगी नाही हे कशावरून? पोस्टमनमध्ये त्याच टोकनला २०० मिळतोय.

काठावरचा (११:३८)
मी तत्त्वाचं बोलतोय. ४०१ चं नावच फसवं आहे. 'अनऑथोराइज्ड' म्हणतात, पण अर्थ 'तुम्ही कोण ते कळलं नाही' असा. 'कोण ते कळलं, पण आत सोडणार नाही' हा ४०३. आरएफसी ९११० मध्ये (एचटीटीपीचं मानक) हा फरक स्वच्छ लिहिलाय, आणि ४०१ देताना सर्व्हरने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर पाठवलंच पाहिजे असंही आहे. निम्मे एपीआय पाठवत नाहीत. ते आलं तर वाचा, त्यात बऱ्याचदा कारण असतं.

अर्धविराम (११:४३)
अवांतर: एचटीटीपीत नावांचे घोळ जुनेच आहेत. 'रेफरर' हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी पडला, तो १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये तसाच छापला गेला आणि आजही प्रत्येक ब्राउझर तेच चुकीचं स्पेलिंग पाठवतो. दुरुस्त केलं तर अर्धं जाल बंद पडेल.

कंदील (११:४७)
कृपया विषयावर राहा. बॉडी ही घ्या, जशीच्या तशी:
एरर: मिसिंग_टोकन
मेसेज: ऑथोरायझेशन हेडर इज रिक्वायर्ड

टिपकागद (११:५०)
हे सकाळी दिलं असतंत तर एवढा वेळ गेला नसता! यात टोकन चुकीचं किंवा मुदत संपलेलं असं म्हटलेलं नाही. हेडर आलंच नाही असं म्हटलंय. म्हणजे टोकन, न्यूलाइन, घड्याळ सगळं सोडा. तुमच्या कोडमधून हेडर निघतंय आणि त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये, मध्येच गळतंय. मध्ये काय आहे? प्रॉक्सी (मधला सर्व्हर)? रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणं)?
एक करा. रिस्पॉन्सची हिस्टरी (वाटेत लागलेल्या रीडायरेक्टची यादी) प्रिंट करा, आणि रिस्पॉन्सचा यूआरएलही. तुम्ही जो मारलात तोच आहे का ते अक्षर न अक्षर बघा.

रात्रपाळी (११:५४)
तरी घड्याळ एकदा पुन्हा बघाच. टाइमझोन नव्हे, यूटीसी.

कंदील (१२:०६)
हिस्टरी रिकामी नाही. तिच्यात एक ३०१ ('पत्ता कायमचा बदलला') आहे. आणि शेवटचा यूआरएल वेगळाच दिसतोय, सुरुवातीचं नाव बदललंय. आमच्या कॉन्फिगमध्ये होस्ट 'एपीआय' ने सुरू होतो, इथे 'गेटवे' ने सुरू होतोय. हो, त्यांचा गेल्या महिन्यात मेल आला होता की पत्ता बदलतोय, पण जुना पत्ताही चालत राहील असं त्यात होतं, म्हणून मी हात लावला नाही. त्याचा संबंध असेल का?

टिपकागद (१२:१०)
संबंध काय, तेच कारण आहे. काल संध्याकाळी त्यांनी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ लावला. रिक्वेस्ट्स तो ३०१ गुपचूप पाळतं, तुम्हाला कळतही नाही. पण होस्टचं नाव बदललं की ऑथोरायझेशन हेडर स्वतःहून काढून टाकतं, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुणीही रीडायरेक्ट लावून तुमचं टोकन भलत्या सर्व्हरकडे नेऊ शकेल. त्यामुळे पहिली रिक्वेस्ट टोकनसकट गेली, दुसरी टोकनशिवाय, आणि तुमच्या हाती आला तो दुसरीचा ४०१.
पोस्टमनमध्ये तुम्ही पत्ता त्यांच्या नव्या डॉक्युमेंटेशनमधून उचलला असणार.

कंदील (१२:१३)
हो, तिथूनच कॉपी केला होता! म्हणजे मी सकाळपासून दोन वेगवेगळे पत्ते तपासत होतो.

निळीशाई (१२:१७)
कर्लही (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) तसंच करतो. मुळात तो रीडायरेक्ट पाळतच नाही, -एल द्यावा लागतो. आणि -एल दिला तरी २०१८ च्या ७.५८.० आवृत्तीपासून हाताने लावलेलं ऑथोरायझेशन हेडर दुसऱ्या होस्टला पाठवत नाही. कंदील, पुढच्या वेळी आधी -एल न लावता -व्ही (सगळा तपशील दाखवणारा पर्याय) लावून कर्ल मारा. ३०१ आणि लोकेशनची (नवा पत्ता सांगणारी) ओळ डोळ्यांसमोर येते.
एक काळजीची गोष्ट मात्र सांगते. रिक्वेस्ट्स हे ऑथोरायझेशन हेडरपुरतंच करतं. तुमची की 'एक्स-एपीआय-की' अशा वेगळ्या नावाच्या हेडरमध्ये जात असेल, तर रीडायरेक्टनंतर ती नव्या होस्टलाही तशीच्या तशी जाते. तिथे ४०१ येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

कंदील (१२:३१)
कॉन्फिगमध्ये नवा पत्ता टाकला. पहिल्याच कॉलला २००. रात्रीपासून अडकलेली यादी आता पुढे सरकतेय. टिपकागद, निळीशाई, मनापासून आभार. बॉडी आधीच द्यायला हवी होती, हे मान्य.

टिपकागद (१२:३५)
छान. आता एपीआयच्या कॉलमध्ये अलाऊ_रीडायरेक्ट्स फॉल्स करून टाका (म्हणजे रीडायरेक्ट आपोआप पाळला जाणार नाही), आणि ३०० च्या घरातला कोड आला तर लोकेशनसकट लॉगमध्ये लिहून एरर द्या. एपीआयच्या पत्त्याला रीडायरेक्ट येणं म्हणजे काहीतरी बदललंय, ते झाकून ठेवू नये. लॉगमध्ये स्टेटस कोडसोबत बॉडीही जाऊ द्या, पण हेडर लिहिताना टोकन झाकायला विसरू नका.

पाऊलवाट (दुपारी ३:४०)
धागा आत्ता पाहिला. माझं थोडं वेगळं आहे. मी पोस्ट करतोय आणि ४०५ येतोय, 'मेथड नॉट अलाऊड'. डॉक्युमेंटेशनमध्ये तर पोस्टच लिहिलंय. टोकनचा काही प्रश्न नाही.

अर्धविराम (३:५२)
यूआरएलच्या शेवटी तिरकी रेघ आहे का? काही सर्व्हर ती नसली की ३०१ देऊन रेघवाल्या पत्त्याकडे पाठवतात. ३०१ किंवा ३०२ नंतर बहुतेक लायब्रऱ्या पोस्टचा गेट करतात, बॉडीही टाकून देतात. त्या पत्त्यावर गेट चालत नसेल तर ४०५ येणारच. मेथड जशीच्या तशी ठेवायची असेल तर समोरच्याला ३०७ किंवा ३०८ द्यावा लागतो.

पाऊलवाट (४:०५)
रेघ लावली. २०१ ('नवी नोंद तयार झाली') आला.