अण्णांच्या रानवह्या आणि त्यांची पहिली आखाजी

प्रश्न (भुसावळहून)

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, या हिवाळ्यात गेले. ते शाळेत शिक्षक होते, पण त्यांचा जीव सातपुड्यात रमे. सुटी लागली की पाल, मनुदेवी, तोरणमाळ, कधी दक्षिणेला पाटणादेवी. पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा, पाणी आणि एक वही. ते फार चालत नसत. एखाद्या नाल्याकाठी तासन् तास बसून राहत आणि तारीख, जागा, फुललेले झाड, दिसलेला पक्षी, कोणत्या डोहात अजून पाणी आहे, हे सारे पेन्सिलीने टिपून ठेवत. चैत्रात पानगळ झालेला पांढराफटक कांडोळ दिसला की त्याच्या गुळगुळीत सालीवरून आम्हा भावंडांना हात फिरवायला लावत आणि झाड नीट पाहून झाल्याशिवाय त्याचे नाव सांगत नसत.

आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. त्यांच्या आवडत्या धबधब्याजवळ नावाचा फलक लावावा आणि तेथेच झाडे लावावीत, असे काकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण रानात आपली खूण मागे ठेवू नये, असे अण्णा नेहमी सांगत. त्यांची आठवण त्यांच्या रीतीने कशी जपावी?

प्रतिसाद (शहाद्याहून)

ताई, अण्णांना आदरांजली. सर्वांत आधी वह्या सांभाळा. पेन्सिलीचे अक्षर घासून पुसट होते, म्हणून प्रत्येक पानाचे छायाचित्र काढा आणि मजकूर त्यांच्याच शब्दांत उतरवा. झाडापाखरांची पावरी (पावरा आदिवासींच्या बोलीतील) किंवा अहिराणी नावे असतील तर ती बदलू नका.

अशा नोंदींचे मोल आमच्या भागाने अनुभवले आहे. रानपिंगळा या लहान घुबडाची १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. मधल्या काळात एका इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला आणि शोध घेणारे त्या दिशेने भटकले. त्या नमुन्याला लावलेली जागेची चिठ्ठी खोटी होती, हे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केले, आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये हा पक्षी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. खरी जागा लिहून ठेवणाऱ्याचे ऋण केवढे असते, हे यावरून कळावे. रानपिंगळा भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो आणि नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठळक पांढरे ठिपके त्याच्या डोक्यावर नसतात, तेव्हा वह्यांत दिवसा दिसलेल्या पिंगळ्याचा उल्लेख आला तर ते पान जाणकारांना जरूर दाखवा. मात्र घरट्यांच्या नेमक्या जागा जाहीर करू नका.

प्रतिसाद (चाळीसगावहून)

फलकाबाबत तुमचेच बरोबर आहे. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो आणि पालचे जंगल यावल अभयारण्यात. तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उभारता किंवा लावता येत नाही. झाडे लावायचीच असतील तर ती स्वतःच्या शेताच्या बांधावर लावा, आणि गुलमोहर नको, अंजन लावा. खानदेशच्या उथळ, खडकाळ जमिनीत हे झाड तग धरते, त्याचा पाला गुरे आवडीने खातात, आणि जोडीने येणारी त्याची इवली पाने पाहिली की आपट्याची आठवण होते. पहिल्या पावसात बी टाका; रोप सुरुवातीला वर वाढताना दिसत नाही, कारण ते आधी मूळ खोल नेते, तेव्हा मेले समजून उपटू नका आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घाला.

प्रतिसाद (अमळनेरहून)

आखाजीला घागरीवर आंबा आणि खरबूज ठेवून पूजा झाली, पितरांना घास टाकला, की दुपारी घरातल्या मुलांना जवळ बसवून वहीतली वैशाखातली पाने मोठ्याने वाचा. आमच्या आजोबांची पत्रे आम्ही याच दिवशी वाचतो. एरवी पुरणपोळी आणि सांजोऱ्या करून दिवस संपतो. गेलेल्या माणसाविषयी बोलायला कोणी बसत नाही, आणि मुलांना ते केवळ नावाने माहीत राहतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फलकाविषयी काकांशी मी बोलेन. अंजनाचे बी मिळाले तर बांधावर लावायला तेही आनंदाने येतील. वह्यांची छायाचित्रे काढायला आजच सुरुवात केली आहे. अण्णांनी काही झाडांची फक्त पावरी नावे लिहिली आहेत, ती ओळखू शकणारे कोणी धडगाव किंवा तोरणमाळकडचे येथे असतील तर कृपया कळवावे, म्हणजे मी ती पाने येथे देईन.