छंदाच्या लेथवर क्विक चेंज टूल पोस्ट : गरज की अनाठायी खर्च?

चर्चाप्रस्ताव (प्रतापनगर, नागपूर)

घरी लहान लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो कापणारे यंत्र) असलेल्या आपल्यासारख्यांमध्ये एक प्रश्न वरचेवर निघतो. लेथबरोबर चार टूल (कापणारी हत्यारे) धरणारा चौकोनी टूल पोस्ट मिळालेला असताना क्विक चेंज टूल पोस्ट, म्हणजे टूल होल्डरसकट झटपट बदलता येणारा पोस्ट, आणि त्याच्या होल्डरांवर वेगळे पैसे घालावेत का? माझे उत्तर ठामपणे ‘होय’ असे आहे, मात्र ते वेळ वाचतो म्हणून नाही, कारण छंदाच्या कामात घाई कोणालाच नसते. मुद्दा टूलच्या उंचीचा आहे.

टूलचे टोक जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) मध्यरेषेच्या वर गेले तर ते कापण्याऐवजी घासते, खाली गेले तर बारीक जॉब टूलवर चढू पाहतो, आणि दोन्ही वेळा फेसिंग (जॉबचे तोंड सपाट कापणे) करताना मधोमध टेंगूळ उरते. चौकोनी पोस्टमध्ये ही उंची पत्र्याच्या पट्ट्या किंवा जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे टूलखाली सारून साधावी लागते. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला वरच्या अंगाने धार लावली की टोक खाली जाते आणि पॅकिंगचा सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. त्यामुळे माणूस धार लावणेच टाळतो आणि बोथट टूलवर काम रेटतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. क्विक चेंजमध्ये प्रत्येक होल्डरला उंचीचा स्वतंत्र नट असतो. बंद लेथवर गोल जॉब आणि टूलचे टोक यांच्यामध्ये सहा इंची पातळ स्टील पट्टी हलकेच दाबून धरावी. तिचा वरचा भाग आपल्याकडे झुकला तर टूल खाली आहे, पलीकडे झुकला तर वर आहे. पट्टी सरळ उभी राहीपर्यंत नट फिरवावा आणि वरचा लॉकनट कसावा, एवढेच काम उरते.

प्रतिसाद १ (हिंगणा)

मी हिंगणा एमआयडीसीत टर्नर आहे आणि घरीही लहान लेथ चालवतो. प्रस्तावकांनी उंचीबद्दल लिहिलेले योग्य आहे, परंतु त्यांनी मजबुतीचा विचार केलेला नाही.

चौकोनी पोस्टमध्ये टूल पोस्टच्या अंगातच बसते आणि त्याच्यावरचा दाब सरळ खाली कंपाउंड स्लाइडवर (पोस्टखालच्या, कोनात वळवता येणाऱ्या सरकत्या भागावर) येतो. क्विक चेंजमध्ये पोस्ट आणि टूल यांच्यामध्ये होल्डरची जाडी येते, त्यामुळे टूलचे टोक मधल्या बोल्टपासून आणखी दूर जाते आणि कापताना पडणारा खालचा दाब कंपाउंडला पुढे उलथवू पाहतो. मोठ्या लेथला याने फरक पडत नाही. जिथे मुळात कंपाउंडच सर्वांत नाजूक भाग आहे, त्या १८० मिमी स्विंगच्या (जास्तीत जास्त तेवढ्या व्यासाचा जॉब फिरू शकणाऱ्या) लेथवर मात्र पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणे) करताना हाच फरक चॅटर (थरथरीचा आवाज) होऊन कानावर येतो. शिवाय कार्बाइड इन्सर्ट (टूलवर बसणारी, बदलता येणारी तयार धारेची टिकली) वापरणाऱ्याला धार लावायचीच नसते. इन्सर्ट बदलला तरी उंची तीच राहते, म्हणून एकदा नीट मोजून घातलेले पॅकिंग त्याला वर्षानुवर्षे पुरते. त्याने तेच पैसे चांगल्या चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) किंवा डायल इंडिकेटरवर (बारीक फरक मोजणाऱ्या उपकरणावर) खर्च करावेत.

प्रतिसाद २ (मानेवाडा)

चौकोनी पोस्टवर एक टूल कापत असते, तेव्हा बाकी तिघांची धारदार टोके बाहेर काढलेली असतात. चकपाशी जॉब मोजताना हात तिथेच फिरतो. घरच्या खोलीत मुले डोकावत असतील तर केवळ एवढ्या कारणासाठीही मी क्विक चेंजच्या बाजूने मत देईन.

प्रतिसाद ३ (धंतोली)

दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले. माझा आक्षेप वेगळा आहे. क्विक चेंज पोस्ट घेतल्यावर त्याची निगा राखणे हे एक वेगळे काम असते आणि ते करायची तयारी नसेल तर चौकोनी पोस्टच बरा.

आधी प्रकार समजून घ्यावा. पिस्टन प्रकारात हँडल फिरवले की आतला पिस्टन होल्डरला बाहेर ढकलतो आणि होल्डर डव्हटेलच्या (पोस्ट व होल्डर एकमेकांत अडकवणाऱ्या खाचेच्या) तिरप्या कडांवरच आवळला जातो. वेज प्रकारात पाचर सरकून होल्डरला आत ओढते व पोस्टच्या सपाट अंगावर बसवते. म्हणून वेज प्रकार अधिक घट्ट धरतो, आणि म्हणूनच त्याची सपाट अंगे स्वच्छ असणे फार महत्त्वाचे ठरते. ॲल्युमिनियमचा कीस तर इतका बारीक वळतो की त्याची एखादी चकती उंचीच्या नटाखाली सापडली तरी दिसत नाही. टूल तेवढे वर उचललेले राहते आणि फेसिंगमध्ये टेंगूळ आले की आपण विनाकारण नट फिरवत बसतो. त्यामुळे होल्डर बसवण्यापूर्वी दर वेळी पोस्टचा माथा, नटाची खालची बाजू आणि डव्हटेल ब्रशने झाडून कापडाने पुसून घ्यावे. हँडल नेहमी ज्या कोनात घट्ट होते त्याच्या पुढे किंवा मागे अडले, तर जोर न लावता होल्डर काढून पाहावा, कारण बहुधा मध्ये काहीतरी अडकलेले असते.

ग्रीस फक्त आतल्या कॅमला (हँडलबरोबर फिरणाऱ्या भागाला) लावावे. डव्हटेलवर ग्रीस लावले तर ते कीस आणि एमरीची धूळ धरून ठेवते, म्हणून तिथे पातळ तेलाचा हात पुरे. नागपूरकरांना आणखी एक सांगणे आहे. उन्हाळ्यात आपण कामाच्या खोलीत कूलर लावतो, आणि त्याची ओलसर हवा लेथच्या अंगावर येत राहते. काळा लेप दिलेल्या होल्डरांच्या घासलेल्या कडांवर पावसाळ्याइतकाच गंज मे महिन्यातही चढतो. कूलरचे तोंड लेथपासून वळवावे आणि काम संपल्यावर होल्डरांना तेलाचा हात लावून ते डब्यात ठेवावेत.

प्रस्तावकाचे उत्तर (प्रतापनगर)

हिंगण्याच्या दादांचा मजबुतीचा मुद्दा मी नाकारत नाही, परंतु त्यावर उपाय आहे. कंपाउंड शक्य तितके मागे घ्यावे, गिब पट्ट्यांचे (सरकत्या भागांतला ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्यांचे) स्क्रू नीट आवळावेत आणि टूल होल्डरबाहेर कमीत कमी ठेवावे. ज्यांना कोनातले काम क्वचित लागते, त्यांनी तर कंपाउंड उतरवून त्याखालच्या आडव्या सरकणाऱ्या क्रॉस स्लाइडवर योग्य उंचीचा भरीव ठोकळा बसवावा आणि पोस्ट त्यावर कसावा. नाजूक सांधाच निघून गेल्यावर होल्डरच्या जाडीचे भय फारसे उरत नाही. इन्सर्टबद्दल मात्र मी सहमत नाही. लहान लेथची मोटर आणि वेग पाहता तीक्ष्ण एचएसएस टूल हेच तिथे खरे कामाचे आहे आणि त्याला धार लावावीच लागते.

प्रतिसाद १ कडून पुन्हा (हिंगणा)

ठोकळ्याची सूचना उत्तम आहे आणि एचएसएसबद्दलचे म्हणणेही मला मान्य आहे. तरीही पार्टिंगसाठी मी चौकोनी पोस्टच वापरीन, आणि नवा पोस्ट घेणाऱ्यांनीही जुना विकू नये असे सुचवीन. ज्यांच्या कंपाउंडला टी-स्लॉट (इंग्रजी T आकाराची खाच) आहे त्यांनी पोस्टची अदलाबदल करताना त्या खाचेत बसणारा टी-नट जरूर तपासावा. तो स्लॉटच्या वर आला तर पोस्ट घट्ट बसत नाही. त्याचे आटे आरपार पाडलेले असतील तर बोल्ट स्लॉटच्या तळाला टेकून नटाला वर रेटतो आणि अधिक कसण्याच्या नादात कंपाउंडची ओतीव कड तुटते. नटाचे शेवटचे एक-दोन आटे ठोकून बंद करावेत.