लेबलवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’

पार्लरमध्ये केसांवर काय लावतात याची काळजी वाटत असेल तर ‘लेबल वाचून घ्या म्हणजे झालं’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. लेबलच खोटं असेल तर वाचून काय उपयोग? अमेरिकेतलं ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ हे केस सरळ करणारं उत्पादन पाहा. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’, म्हणजे फॉर्मल्डिहाइड हा विषारी, झोंबणारा वायू त्यात नाही, असं छापलेलं. २०१० मध्ये ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या सलूनमधून नाकातून रक्त येणं, श्वासाला त्रास अशा तक्रारी आल्या, तेव्हा त्या राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने नमुने तपासले आणि सरासरी ८ टक्क्यांहून जास्त फॉर्मल्डिहाइड सापडलं. पळवाट अशी की पाण्यात विरघळल्यावर त्याचं मिथिलीन ग्लायकॉल हे वेगळ्या नावाचं रसायन होतं, म्हणून लेबलवर ‘फ्री’. पण केसांवर गरम इस्त्री फिरली की तोच वायू पुन्हा बाहेर पडतो.

ऑगस्ट २०११ मध्ये तिथल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कंपनीला ताकीदपत्र दिलं, २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने ६ लाख डॉलरची तडजोड करून ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ हा दावा काढायला लावला. मात्र माल सक्तीने परत मागवायचा अधिकारच तेव्हा एफडीएकडे नव्हता, तो २०२२ च्या कायद्याने मिळाला. ग्राहक तासाभराने घरी जाते, वाफ रोज घेते ती पार्लरमधली मुलगी. माझ्या बहिणीने असं काम चार वर्षं केलंय, संध्याकाळी तिचे डोळे लालबुंद असायचे.