माणूस तोच, फक्त फोटो बदलले. मग 'स्वभाव बघतो' म्हणणारे कुठे गेले?

फोंड्याचा फोकस
वय ३१, नोकरी वेर्ण्याला, उंची बेताची, टक्कल पडायला लागलंय. डेटिंग ॲपवर पहिल्या सहा महिन्यांत ४ मॅच. मग लग्नांचे फोटो काढणाऱ्या मित्राने मला मिरामारला नेलं, सूर्य कलल्यावर टोपी घालून उभं केलं. पंधरा दिवसांत ११! स्वतःबद्दल लिहिलेल्या मजकुरात अक्षरही बदललं नव्हतं.

१९६६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाचा निकाल छापून आला होता. ७५२ नव्या विद्यार्थ्यांना 'संगणकाने तुमची जोडी जुळवली' असं सांगून नाचाला बोलावलं. जोड्या खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावलेल्या, फक्त मुलगा मुलीपेक्षा बुटका नको एवढं पाहिलं (तिथेही उंची आडवी आलीच!). पुन्हा भेटावंसं वाटणं हुशारीवर ठरलं नाही, स्वभावावरही नाही. रूपावर ठरलं. आता सांगा.

चोडणकरीण
फोकस बाब, ती एका रात्रीची ओळख होती. एका रात्रीत दुसरं दिसणार तरी काय?

माझं सांगते. रायबंदरच्या फेरीबोटीत रोज सकाळी एक जण स्कूटर घेऊन असायचा. दात पुढे, हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं. महिनाभर मी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एकदा पावसात एका मासळीवालीची पाटी उतरवताना त्याची इस्त्रीची बाही कोपरापर्यंत मासळीच्या पाण्याने भिजली. बाई ओशाळली, तर हा म्हणतो, "आज ऑफिसात मला कोण जवळ बसवून घेणार नाही, बरंच झालं." चवथीपर्यंत मी धक्क्यावर त्याची स्कूटर शोधायला लागले होते. लग्नाला चार वर्षं झाली. दात अजून पुढेच आहेत.

आणि प्रयोगच हवा असेल तर २०१५ चा घ्या. अमेरिकेतल्या १६७ जोडप्यांत, भेटल्याबरोबर जमलेली जोडपी दिसायला साधारण एकमेकांच्या तोडीची निघाली. आधी बराच काळ नुसती ओळख असलेल्यांत हा मेळ बराच सैल होता.

पेडण्याची पोर
फेरीबोटीची गोष्ट गोड आहे. पण रोज त्याच बोटीत टक लावून बघणारे आम्हालाही भेटलेत, त्यांच्याशी लग्न करावंसं वाटलं नाही.

आणि ॲपच्या नावाने एवढं रडायचं कशाला? मी सावळी. ॲप यायच्या आधी माझ्या सख्ख्या आईने स्थळांसाठीचा फोटो स्टुडिओतून उजळ करून आणला होता. बघायला आलेल्यांनी शिरा दोनदा मागून घेतला, आणि निरोप आला, 'फोटोत गोरी वाटली होती.' ॲपवर मला नाकारणारा निदान आमच्या घरी येऊन शिरा खात नाही. मला कळतही नाही तो कोण ते.

२०२० मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वर्णाचा फिल्टर काढला, 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली. आमच्या आत्याचा फिल्टर चालू आहे.

डिचोलीचा नाटक्या
जत्रेच्या नाटकात मी तीन वर्षं राजा होतो. रंग पुसून खाली उतरलो की चहावालासुद्धा ओळखत नाही. फोकस, खरं सांग, त्या ११ जणींपैकी भेटल्या किती?

फोंड्याचा फोकस
२. बाकीच्या बऱ्याचशा डिसेंबरातल्या पर्यटक, 'बागा की पाळोळे' विचारून गायब. एक पणजीत कॉफीला आली. पंखा जोरात होता, टोपी उडाली. ती काही बोलली नाही, पण पुढचा पाऊण तास माझ्या कपाळाच्या वरच बघत होती.

चोडणकरीण
म्हणजे टक्कल तिने नाकारलं नाही, तुम्हीच लपवलं.

फोंड्याचा फोकस
बाय, लपवलं नसतं तर ती कॉफीला आलीच नसती. माझा मुद्दा तोच आहे. आणि बोटीत बसायचं म्हणता, तर फोंड्याहून वेर्ण्याला जायला बोट नाही.

पेडण्याची पोर
हे मात्र खरं. बसमध्येही सगळे मोबाईलमध्ये मान घालून.

डिचोलीचा नाटक्या
टोपी काढून फोटो टाक. बघू तरी.

फोंड्याचा फोकस
टाकला परवा. पहिल्याच जागी. आतापर्यंत १. दिल्लीची आहे, रविवारी परत जातेय.